वजनाची गोळी आणि डब्यातल्या बाकीच्या गोळ्या

वजन कमी करणारी गोळी सुरक्षित आहे का, हा प्रश्न बहुतेक वेळा अर्धाच विचारला जातो. औषधाचे नाव सांगायचे आणि ‘चालेल ना?’ म्हणायचे, एवढ्यावर तो संपतो. उत्तरही त्या नावापुरतेच मिळते: चालेल, नाही चालणार, अमक्याने घेतली आणि त्याला काही झाले नाही. पण ही गोळी घेऊ पाहणारा माणूस सहसा कोऱ्या पाटीने येत नाही. त्याच्या घरी प्लास्टिकच्या डब्यात बीपीची गोळी असते, साखरेची असते, थायरॉइडची असते, गॅसची असते, आणि हृदयाचे काही दुखणे होऊन गेले असेल तर रक्त पातळ करणारीही असते. माझे म्हणणे असे, की वजनाच्या गोळीची सुरक्षितता तिच्या एकटीच्या गुणदोषांवर ठरत नाही. ती ठरते या डब्यावर आणि घरातल्या घड्याळावर. तोंडाने घ्यायच्या या औषधांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास तपासला, आज बाजारात असलेल्या औषधांची माहितीपत्रके वाचली आणि भुसावळ-जळगावच्या दैनंदिन जगण्याशी ती ताडून पाहिली, तर हे म्हणणे पटण्यासारखे आहे असे मला वाटते.

आधी ही गोळी कोण मागतो ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरच्या भारतीयांत मधुमेह ११.४ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के, असे ते आकडे आहेत. हे तीन अगदी वेगवेगळे गट नव्हेत, त्यांत बरीच माणसे पुन्हा पुन्हा मोजली जातात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे काटा फारसा पुढे सरकण्याआधीच साखर आणि बीपी हजर होतात, याचे यापेक्षा सोपे चित्र दुसरे नाही. म्हणूनच युरोप-अमेरिकेत एखादा तिशीतला, तगडा, बाकी कोणतेही औषध न घेणारा माणूस वजनाची गोळी सुरू करील. आपल्याकडे ती सुरू करणारा बहुधा चाळिशी-पन्नाशीतला आणि आधीच तीन-चार गोळ्यांवर असलेला असतो. भुसावळसारख्या गावात तर निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांची मोठी वस्ती आहे, आणि या वयोगटाच्या घरात औषधांचा डबा हा देवघराइतकाच ठरलेला असतो.

आता इतिहास. वजन कमी करणारी तीन औषधे गाजली आणि तिन्ही बाद झाली. पहिले फेनफ्लुरामिन. अमेरिकेत डॉक्टर ते फेंटरमिन या दुसऱ्या औषधाबरोबर जोडीने देऊ लागले. दोन्ही औषधे वेगवेगळी मान्य होती, जोडी म्हणून त्यांची मान्यतेसाठी रीतसर तपासणी झालीच नव्हती. १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ही जोडी घेणाऱ्या २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचे नोंदवले आणि त्याच वर्षी फेनफ्लुरामिन अमेरिकी बाजारातून गेले. भारताने १९९८ मध्ये त्यावर बंदी घातली. झडपांचा दोष फेनफ्लुरामिनचाच होता हे पुढे स्पष्ट झाले, पण जोडीमुळे ते लाखो लोकांच्या पोटात गेले. दुसरे रिमोनाबंट. चाचण्यांत तीव्र नैराश्याचे रुग्ण घेतले नव्हते. प्रत्यक्षात जाड माणसांत उदासीनतेची औषधे घेणारे कमी नसतात, आणि औषध त्यांच्यापर्यंत पोचल्यावर मानसिक विकारांचा धोका सुमारे दुप्पट दिसला. युरोपने २००८ मध्ये ते थांबवले, भारताने २००९ मध्ये. तिसरे सिबुट्रामिन, आपल्याकडे सर्वांत जास्त खपलेले. ते आधीच हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या, पंचावन्न वर्षांवरच्या सुमारे दहा हजार लोकांना देऊन पाहिले, तेव्हा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू अशा घटना गोळी घेणाऱ्यांत ११.४ टक्के आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १० टक्के आढळल्या. २०१० मध्ये ते अमेरिकेत मागे घेतले गेले आणि २०११ च्या सुरुवातीला भारतात त्यावर बंदी आली. तिन्ही वेळा औषध निवडक, बऱ्यापैकी धडधाकट माणसांवर ठीक वाटले. आणि दुसरे आजार, दुसरी औषधे असलेल्या खऱ्याखुऱ्या रुग्णाजवळ गेल्यावर त्याचे रूप उघड झाले.

आज तोंडाने घेण्याच्या औषधांत जुने आणि टिकलेले नाव ऑरलिस्टॅटचे. ते भुकेला हात लावत नाही. आतड्यात चरबी फोडणाऱ्या लायपेज या रसाला ते अडवते आणि जेवणातली सुमारे ३० टक्के चरबी न पचता बाहेर जाते. १२० मिलिग्रॅमची कॅप्सूल प्रत्येक मुख्य जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर तासाभरात घ्यायची. जेवण चुकले किंवा त्यात तेल-तूप नसले तर ती वेळ सोडून द्यायची. रक्तात ते जवळजवळ उतरतच नाही, म्हणून ‘अगदी निरुपद्रवी’ अशी त्याची ख्याती झाली. पण आतड्यातच त्याचे इतर औषधांशी वैर जमते. चरबीत विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीबरोबर वाहून जातात. के कमी झाले की वॉरफेरिन घेणाऱ्याचे रक्त हवे त्यापेक्षा जास्त पातळ होऊ शकते, म्हणून झडप बदललेल्या रुग्णाने आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे याची, तपासणी वाढवल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊ नये. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी आणि ऑरलिस्टॅट यांत किमान चार तासांचे अंतर लागते. किडनी बदललेल्या रुग्णाच्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी याने खाली येते, आणि ती खाली येणे म्हणजे बदललेली किडनी शरीराने नाकारण्याची भीती. फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्यांना ऑरलिस्टॅटनंतर झटके आल्याच्या नोंदी आहेत. एचआयव्हीच्या औषधांचाही परिणाम उणावल्याच्या नोंदी आहेत. मुतखडा किंवा किडनीचा विकार असलेल्यांच्या लघवीत ऑक्झलेट वाढण्याचा धोका वेगळाच. एवढे सगळे करून मिळते काय, तर वर्षभरात नुसत्या आहार-नियमाच्या तुलनेत साधारण तीनएक किलो जास्त घट.

खानदेशी ताटाशी तर या औषधाचे मुळीच जमत नाही. शेवभाजीवरचा लालभडक तवंग, तेलात परतलेले वांग्याचे भरीत, तुपात बुडवलेली बट्टी हे आपल्याकडचे साधे जेवण, आणि ऑरलिस्टॅट घेणाऱ्याने रोजच्या उष्मांकांपैकी ३० टक्क्यांहून जास्त चरबीतून घेऊ नयेत अशी सूचना आहे. ती मोडली की तेलकट जुलाब, कपड्यांना डाग, अचानक शौचाला धावणे सुरू होते. याकडे लाजिरवाणा त्रास म्हणूनच पाहिले जाते. पण जुलाब तीव्र झाले तर गर्भनिरोधक गोळीही पुरती शोषली जात नाही आणि पाळणा लांबवू पाहणारी बाई नकळत उघड्यावर पडते. जीवनसत्त्वांची गोळी घ्यायची तर ती ऑरलिस्टॅटच्या निदान दोन तास आधी वा नंतर, शक्यतो रात्री झोपताना, ही छोटी सूचनाही पाकिटातल्या कागदावर बारीक टायपात असते आणि तो कागद पाकिटाबरोबरच टोपलीत जातो.

नव्या काळाचे औषध सेमाग्लुटाइड. त्याची इंजेक्शने जास्त चर्चेत असली तरी गोळीही आहे. भारतात ती २०२२ पासून मिळते, तीन, सात आणि चौदा मिलिग्रॅमच्या मात्रेत, आणि ती आली मधुमेहावरचे औषध म्हणून. अमेरिकेने २०२५ च्या डिसेंबरात २५ मिलिग्रॅमची गोळी खास वजनासाठी मान्य केली. तिच्या चाचणीत ६४ आठवड्यांत सरासरी १३.६ टक्के वजन उतरले. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, म्हणजे स्वस्त पर्यायांना वाट मोकळी. या गोळीची खरी परीक्षा सकाळच्या पहिल्या तासात होते. सेमाग्लुटाइड हे प्रथिनासारखे नाजूक औषध. पोटातल्या आम्लात टिकावे म्हणून त्याला एक साहाय्यक क्षार जोडलेला आहे, आणि एवढे करूनही गोळीतला जेमतेम एक टक्का रक्तात पोचतो. म्हणून ती अनशापोटी, फार तर १२० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्यायची, आणि पुढे किमान अर्धा तास चहा, नाश्ता, दुसरी गोळी, काही म्हणजे काही नाही. १२० मिलिलिटर म्हणजे अर्धा पेला. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी पिण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती या गोळीच्या मुळावर येते.

आता हाच तास थायरॉइड, साखर, अॅसिडिटी आणि ठिसूळ हाडे असलेल्या साठीच्या बाईच्या डब्याशी लावून पाहा. लेव्होथायरॉक्सिनही अनशापोटीच घ्यायची आणि नाश्त्याआधी अर्धा ते एक तास थांबायचे. हाडांसाठीची अॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी अनशापोटी, तीही पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. पॅन्टोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी. चारही गोळ्यांना तोच रिकामा तास हवा आहे. दोन गोळ्या एकदम घेतल्या तर काय होते, हे लेव्होथायरॉक्सिनच्या बाबतीत मोजलेले आहे: सेमाग्लुटाइडच्या गोळीबरोबर ती घेतली असता शरीराला मिळणारे थायरॉक्सिन ३३ टक्क्यांनी वाढले. थायरॉक्सिनचे असे वाढणे म्हणजे धडधड, घाम, हाडांची झीज, वयस्करांत हृदयाची लय बिघडणे. आणि गंमत नव्हे, वजनही झपाट्याने उतरणे, ज्याचे श्रेय नव्या गोळीला दिले जाईल. यावर तोडगा आहे. लेव्होथायरॉक्सिन रात्री, जेवणानंतर पुरेसे अंतर ठेवून, झोपताना घेतली तरी चांगली लागू पडते, असे २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात दिसले आहे. पण वेळ बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी थायरॉइडची टीएसएच चाचणी करून मात्रा पुन्हा बसवावी लागते. हे काम डॉक्टरांनी ठरवून करायचे आहे. घरच्या घरी गोळ्यांची अदलाबदल करण्याचे ते नाही.

पोटातली ही गर्दी आवरली तरी काम संपत नाही, कारण वजन उतरणे हेच इतर औषधांची मात्रा बदलून टाकते. सेमाग्लुटाइड एकटे असताना साखर फारशी धोकादायकरीत्या खाली नेत नाही. तेच ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिनबरोबर आले आणि माणसाची भूक अर्ध्यावर आली, की जुनी मात्रा जड होते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार. दीपनगरच्या वीज केंद्रात, वरणगावच्या आयुधनिर्माणीत आणि रेल्वेच्या धावत्या ड्यूटीवर पाळ्या बदलत असतात आणि जेवणाची वेळ ड्यूटी ठरवते. अशा माणसाची साखर गाडीच्या केबिनमध्ये किंवा यंत्रासमोर खाली जाणे हा त्याच्या एकट्याचा धोका राहत नाही. म्हणून ही औषधे सुरू करतानाच जुन्या साखरेच्या गोळीची मात्रा कमी करायची का, हा प्रश्न डॉक्टरांनी आणि रुग्णाने त्याच भेटीत सोडवला पाहिजे; चक्कर आल्यावर नव्हे. बीपीचेही तेच. दहा किलो उतरल्यावर जुन्या मात्रेतली टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन उभे राहताना भोवळ आणू शकतात.

आणि मग भुसावळचा उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. सेमाग्लुटाइड सुरू करताना किंवा मात्रा वाढवताना मळमळ, उलट्या, जुलाब होतात हे सर्वज्ञात आहे. त्यांतून पाणी जाते, वरून घामाने जाते, आणि भुकेबरोबर तहानही मंदावल्याने पिणे कमी होते. अशा माणसाच्या डब्यात लघवी वाढवणारी गोळी असेल, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या जातीची बीपीची गोळी असेल, आणि गुडघे दुखतात म्हणून त्याने मेडिकलमधून डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन आणले असेल, तर किडनीचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. किडनीविकारतज्ज्ञ या त्रिकुटाला फार पूर्वीपासून घाबरून असतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर किडनी मंदावल्यावर रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याची भीती. साखरेचीच डॅपाग्लिफ्लोझिन चालू असेल तर कमी खाण्यातून, उपवासातून किटोनचे विष वाढण्याची भीती, आणि तेही कधी कधी साखर फारशी वाढलेली नसताना. म्हणून खानदेशात ही गोळी सुरू करायची वा तिची मात्रा वाढवायची तर ती हिवाळ्यात, उन्हाच्या तडाख्यात नव्हे, असे माझे मत आहे. उलट्या-जुलाब एका दिवसापेक्षा जास्त टिकले तर कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेले असावे.

नवी गोळी जोडण्याआधी डबा एकदा उलट्या दिशेनेही वाचायला हवा. वजन वाढवणारी औषधे त्यातच असू शकतात. दम्यासाठी वा संधिवातासाठी महिनोन्‌महिने चाललेली स्टेरॉइडची गोळी, पायोग्लिटाझोन, ग्लिमेपिराइड, इन्सुलिन, फिट्ससाठीचे व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारावरचे ओलान्झापिन, झोप आणि दुखण्यासाठी दिलेले अॅमिट्रिप्टिलिन, भूक लागावी म्हणून लहानपणापासून ओळखीचे सायप्रोहेप्टाडिन, ही सगळी वजन वाढवू शकतात. यांतले काही बदलता येते, काहीची मात्रा कमी करता येते, काही मुळीच हलवता येत नाही. पण एका औषधाने वाढवलेले वजन दुसऱ्या औषधाने उतरवायचे आणि दोन्हींचा भार शरीराने सोसायचा, हा उलटा व्यवहार आहे. स्टेरॉइड किंवा मानसिक आजाराचे औषध मात्र कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. अचानक बंद केल्याने होणारे नुकसान वजनापेक्षा फार मोठे असते. तसेच थायरॉइडचा आजार नसताना निव्वळ वजनासाठी लेव्होथायरॉक्सिन घेणे, हे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच ठळक अक्षरांत निषिद्ध केलेले आहे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मग आयुर्वेदिक घेऊ, त्याचा तर कशाशी झगडा नाही. हा समज आपल्याच राज्यातल्या पुराव्याने खोडून निघतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या औषधशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. निरोगी स्वयंसेवकांना हृदयाच्या औषधांपैकी डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल दिली आणि सोबत गुग्गुळाचा शुद्ध अर्क, तोही एकाच मात्रेत. दोन्ही औषधांची रक्तातली पातळी लक्षणीय घटली. वजनासाठी घराघरांत घेतला जाणारा मेदोहर गुग्गुळ या मुख्य द्रव्यावरच उभा आहे. गुग्गुळ निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. अर्थ इतकाच, की ज्यात ताकद आहे ते दुसऱ्या औषधाच्या कामात हात घालणारच, आणि ही गोष्ट जाणता वैद्य नाकारणार नाही. इसबगोलही तसेच: जेवणाआधी पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून घेतले तर ते इतर गोळ्या आपल्यात धरून ठेवू शकते, मध्ये दोन तास सोडावेत. सोनामुखी घातलेली ‘चरबी घटवणारी’ चूर्णे रोज घेतली की पोटॅशियम उतरते, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन वा लघवीची गोळी घेणाऱ्याची नाडी त्यातून बिघडते. ज्येष्ठमधाचा काढा बीपी वाढवतो. हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूल आणि गार्सिनिया कम्बोजिया यांमुळे यकृत सुजल्याच्या नोंदी जगभर आहेत. टीबीची औषधे किंवा मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या यकृतावर हा भार टाकणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

बिनानावाच्या पुड्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. अमेरिकी औषध प्रशासनाने वर्षानुवर्षे केलेल्या तपासण्यांत ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये बंदी घातलेले सिबुट्रामिन, कधी फ्लुओक्सेटिन हे नैराश्याचे औषध, कधी फेनॉल्फ्थॅलिन हे जुने जुलाबाचे रसायन पुन्हा पुन्हा सापडले आहे. ज्याने ती घेतली त्याला आपण कोणते औषध घेतो आहोत हेच माहीत नसते, मग डॉक्टरांना तो काय सांगणार? दुखण्यासाठी ट्रामाडॉल घेणाऱ्याच्या शरीरात असे लपलेले सिबुट्रामिन गेले तर ताप, कंप, भ्रम अशी प्राणघातक अवस्था उद्‌भवू शकते, आणि आपत्कालीन कक्षातला डॉक्टर अंधारात चाचपडत राहतो. आपल्याकडचा १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा ज्या आजारांवर खात्रीशीर इलाजाची जाहिरात करायला मनाई करतो, त्यांच्या यादीत लठ्ठपणा नावाने आहे. ‘एका महिन्यात दहा किलो’ असे लिहिलेले पत्रक पाहिले, की ते पत्रकच कायद्याबाहेरचे आहे एवढे वाचकाने ओळखावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो मी मनापासून मानतो. लठ्ठपणा हाच आजार आहे. तो हृदय, गुडघे, यकृत, झोप सगळे खातो. लोकांना औषधाची इतकी धास्ती घातली तर ज्याला खरी गरज आहे तोही मागे सरेल. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सिलेक्ट चाचणीत आधीच हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांत सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनाने झटका, पक्षाघात आणि हृदयामुळे मृत्यू या घटना २० टक्क्यांनी घटवल्या. सिबुट्रामिनच्या बाबतीत जे उलटले, ते इथे सुलटे झाले. पण हाच पुरावा माझ्या म्हणण्याच्या बाजूनेही उभा राहतो. त्या चाचणीतले बहुतेक लोक स्टॅटिन, अॅस्पिरिन, बीपीची औषधे घेतच होते, आणि दर काही आठवड्यांनी त्यांची विचारपूस होत होती, तपासण्या होत होत्या, नव्या तक्रारींची नोंद होत होती. फायदा मिळाला तो औषधाला अशा देखरेखीची साथ असताना. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळीला त्या चाचणीचे आकडे चिकटवणे बरोबर नाही. खबरदारी म्हणजे नकार, असे मी म्हणत नाही. ज्याला गोळीची गरज आहे त्याला ती मिळावी आणि टिकावी यासाठीच खबरदारी हवी. उलट्यांनी बेजार होऊन किंवा साखर उतरून पडल्यावर रुग्ण औषध सोडतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: डॉक्टरांना एवढा वेळ कुठे? खरे आहे. आणि भुसावळच्या बाबतीत त्यात एक भर आहे. जंक्शन असल्याने इथल्या माणसाला जळगाव, नाशिक, मुंबई, सुरत सगळे गाडीच्या एका तिकिटावर आहे. हृदयाचे एका शहरात, साखरेचे दुसऱ्या, गुडघ्याचे गावात, आणि निवृत्त रेल्वेवाल्यांची नेहमीची औषधे रेल्वेच्या दवाखान्यातून, असे सहज होऊ शकते. प्रत्येक डॉक्टर आपली चिठ्ठी नीट लिहितो. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघणारा मात्र कोणीच नसतो. वजनाची गोळी बहुधा या सगळ्यांच्या बाहेरून येते, म्हणून तीच सर्वांत बेवारस. इथे मेडिकलवाल्याचे स्थान मला फार मोलाचे वाटते. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या नियमांनी नोंदणीकृत फार्मासिस्टवर रुग्णाला औषधांविषयी समजावून सांगण्याची जबाबदारी टाकली आहे आणि औषधांचे आपसांतले झगडे त्यात येतात. वजनाचे औषध देताना ‘रोज आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ एवढे विचारायला मिनिट लागत नाही, आणि वॉरफेरिन, सायक्लोस्पोरिन, फिट्सच्या गोळ्या, इन्सुलिन यांपैकी एक जरी नाव निघाले तरी गिऱ्हाइकाला डॉक्टरांकडे परत पाठवायचे, हा नियम गावातल्या प्रत्येक दुकानाला पाळता येण्यासारखा आहे.

रुग्णाच्या बाजूने काम त्याहून सोपे आहे. औषधांची इंग्रजी नावे येत नाहीत, ही सबब चालण्यासारखी नाही, कारण नावे लिहायची गरजच नाही. पाकिटे, बाटल्या, पुड्या, काढे, डोळ्यांचे थेंब, इन्हेलर, मुलाने परदेशातून पाठवलेले जीवनसत्त्वांचे डबे, सगळे एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओतावे. त्यांच्यासमोर एका कागदावर औषध, मात्रा आणि घड्याळाची वेळ असे तीन रकाने करून घ्यावेत आणि तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावावा. पुढची भेट चार ते सहा आठवड्यांत ठरवून घ्यावी. साखर, बीपी, किडनीची क्रिएटिनिन तपासणी, थायरॉइडवाल्यांसाठी टीएसएच आणि वॉरफेरिनवाल्यांसाठी आयएनआर याच काळात करावी. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑरलिस्टॅट गरोदरपणात घ्यायचे नसते आणि सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवायचे असते. गोळीऐवजी टिर्झेपटाइडचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते सुरू करताना आणि दर वेळी मात्रा वाढवताना चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर एकट्या विसंबू नये. आणि मोतीबिंदूपासून हर्नियापर्यंत कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सेमाग्लुटाइडबद्दल आवर्जून सांगावे. या औषधाने पोट सावकाश रिकामे होते. रात्रभर उपाशी राहूनही त्यात अन्न उरू शकते आणि भुलीखाली ते फुप्फुसात जाण्याची भीती असते.

गोळी चालू असताना काही विपरीत घडलेच तर ते घरात जिरवू नये. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचे केंद्र गाझियाबादला भारतीय औषधकोश आयोगात आहे. रुग्णाने किंवा नातेवाइकाने स्वतः भरण्याचा त्याचा फॉर्म मराठीतही मिळतो. विनाशुल्क दूरध्वनी आहे १८००-१८०-३०२४. तिथे नवी औषधे, जुनी औषधे, आयुर्वेदिक चूर्णे, सगळ्यांबद्दल सांगता येते, आणि त्रास त्या औषधानेच झाला हे सांगणाऱ्याला सिद्ध करावे लागत नाही.